लांब नळी आणि सावकाश जळणारी दारू

प्रश्न: माझ्याकडे .३५७ मॅग्नमचं चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर आहे. नुकतीच त्याच काडतुसाची, अठरा इंची नळीची लिव्हर-ॲक्शन कार्बाइन, म्हणजे मुठीखालची लिव्हर ओढून चालवायची आखूड रायफल, घेतली. आम्ही राहतो तिथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला, म्हणजे पितळी केसमध्ये प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर म्हणजेच दारू आणि गोळी बसवायला, कायद्याची आडकाठी नाही. दोन्हींत चालेल असं एकच काडतूस भरायचं आहे. रेंजवरचे एक गृहस्थ म्हणतात, नळी लांब आहे, तेव्हा एच-११० ही सावकाश जळणारी पावडरच घ्या. मित्राकडे टाइटग्रुप या झटपट जळणाऱ्या पावडरीचा डबा आहे. तो म्हणतो, चिमूटभर लागते, स्वस्तात काम होतं. कोणाचं ऐकू? गोळ्या १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी आणि पावडर तोलायचं छोटं वजन) आहेत. बहुतेक वेळा कागदी लक्ष्यावरच नेमबाजी करतो.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य पहिलं यायला हवं होतं. कागदाला भोक पाडायला मॅग्नमचा पूर्ण जोर लागत नाही, आणि एच-११० ला पूर्ण जोराखेरीज दुसरं काही जमत नाही. तुमची निवड खरं तर इथेच निम्मी होते.

तरी त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी सांगते. पावडर झटपट जळणारी असो की सावकाश, दाबाचं शिखर गोळी नळीत शिरता शिरताच येतं. फरक पडतो तो त्यानंतर. बंद पडलेली गाडी ढकलताना एकजण एकदाच जोरात रेटून बाजूला होतो, दुसरा हात न काढता चालत राहतो. टाइटग्रुप पहिल्या जातीची, एच-११० दुसऱ्या. म्हणूनच सावकाश पावडरीने भरलेली पूर्ण ताकदीची १५८ ग्रेनची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १२०० फुटांनी निघत असेल, तर अठरा इंची कार्बाइनमधून १७०० च्या पुढे जाऊ शकते. कार्बाइनला सिलिंडर आणि नळी यांच्यातली फटही नसते, त्यामुळे तिथून निसटणारा वायू वाचतो. झटपट पावडरीच्या हलक्या काडतुसाला मात्र ही लांब नळी फारसं काही देत नाही. वायूचा जोर लवकर ओसरतो आणि उरलेल्या नळीत गोळी घर्षणाशीच झगडत राहते.

आता एच-११० ची अट. ही पावडर दाट, गोल कणांची आहे. पितळी केस जवळजवळ भरलेली, गोळी वजनदार, क्रिंप (केसचं तोंड दाबून गोळी पकडणं) घट्ट आणि मॅग्नम प्रायमर, एवढं मिळालं तरच ती नीट पेटते. 'मॅन्युअलमधल्या मापापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका' असं ती विकणारी हॉजडन कंपनीच सांगते. कमी भरली तर ज्वलन अर्धवट राहू शकतं आणि गोळी नळीत अडकू शकते. जाता जाता, विंचेस्टर २९६ या नावाने मिळते ती हीच पावडर. दोन वेगळे डबे घेऊन तुलना करत बसू नका.

म्हणजे मित्र बरोबर? तोही नाही. टाइटग्रुप वाईट पावडर नाही. केसमध्ये पुढे सरकली काय, मागे सरकली काय, तिच्या ज्वलनात फारसा फरक पडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण .३५७ च्या उंच केसमध्ये ती तळाशी एवढीशी दिसते. त्यात चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी केस भरून वाहत नाही, आणि नवख्या हाताला कळतही नाही. .३५७ मॅग्नमची मान्य दाबमर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. झटपट पावडरीचं दुप्पट माप ती कुठच्या कुठे मागे टाकतं. स्वस्ताई इथे मोजायची नसते.

मी स्वतः कागदासाठी अलायंटची युनिक भरते. मध्यम वेगाने जळणारी, जुनी पावडर, १९०० च्या सुमारासची. तिचे चपटे कण बऱ्यापैकी जागा व्यापतात, त्यामुळे दुहेरी माप पडलं तर केसमध्ये डोकावल्यावर लक्षात यायची शक्यता पुष्कळ वाढते. दोष म्हणाल तर मापकातून (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) ती एकसारखी पडत नाही, चपटे कण अडतात. तेव्हा मापकाची मूठ दर वेळी सारख्याच लयीत ओढा आणि थोड्या थोड्या केसेसनंतर एक माप काट्यावर घ्या. ती मळ जास्त करते अशीही तक्रार ऐकू येते. कार्बाइन तशीही साफ करायचीच असते, मला त्याचं काही वाटत नाही.

कधीतरी जोरदार काडतूसही हवं असेल आणि डबा एकच ठेवायचा असेल, तर अलायंट २४०० पाहा. १९३० च्या दशकात .२२ हॉर्नेट या छोट्या रायफल काडतुसासाठी आलेली ही पावडर मॅग्नम रिव्हॉल्व्हरवाल्यांनी उचलली ती आजतागायत. एच-११० पेक्षा जराशी झटपट, आणि कमाल मापाच्या बरंच खाली आणली तरी रुसत नाही. आयएमआर ४२२७ सुद्धा अशीच समजूतदार आहे, फक्त माप हलकं असलं की न जळलेले कण मागे टाकते. रिव्हॉल्व्हरमधून ते झटकता येतात. कार्बाइनमध्ये ते काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली जाऊन बसतात आणि लिव्हर खरखरायला लागते.

ग्रेनचे आकडे मी या सदरात देत नाही, आग्रह करू नका. ते पावडर किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू मॅन्युअलमधून, तुमच्याच गोळीच्या जातीचे घ्यायचे, आणि सुरुवात सर्वांत खालच्या मापापासून करायची. काही मॅन्युअलमध्ये एकच काडतूस दोनदा येतं, हँडगनच्या भागात आणि रायफलच्या भागात. तुमचं काडतूस दोन्हींत जाणार, तेव्हा हँडगनचाच भाग उघडा. 'हे फक्त कार्बाइनसाठी' अशी वेगळी पेटी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. पेट्यांची अदलाबदल व्हायला एक घाईची संध्याकाळ पुरते.

पावडरीइतकंच क्रिंपकडे लक्ष द्या. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या गोळ्या केसमधून पुढे सरकू पाहतात. कार्बाइनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये उलटं होतं. मॅगझिनची स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळी केसच्या आत ढकलतात, आणि गोळी आत गेली की दाब वाढतो. गोळीवरच्या खाचेत केलेला घट्ट क्रिंप दोन्ही सांभाळतो. याच मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं, म्हणून गोळ्या सपाट टोकाच्याच हव्यात.

शेवटचं. फारच हलकं काडतूस कार्बाइनमध्ये घालू नका, तांब्याच्या वेष्टणाची गोळी असेल तर मुळीच नाही. चार इंचांतून कशीबशी बाहेर पडणारी गोळी अठरा इंचांत थांबू शकते. बार 'फुस्स' वाटला तर तिथेच थांबा, थोडा वेळ नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा, मग बंदूक रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का ते बघा. हलक्या मापासाठी शिशाची गोळी घ्या. ती नळीतून कमी ताकदीत सरकते. केसच्या बाहेर काजळी दिसू लागली तर माप त्या केससाठी फार हलकं आहे असं समजा. पितळ फुगून चेंबरला (काडतूस बसतं त्या खणाला) चिकटत नाही आणि वायू मागे येतो.

प्रश्न: सासऱ्यांकडून विंचेस्टर १८७३ ही जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल आली आहे, मूळची, .४४-४० काडतुसाची. गनस्मिथने तपासून ठीक असल्याचं सांगितलंय. वरच्यासारखी एखादी सावकाश पावडर भरून तिचा वेग वाढवता येईल का?

उत्तर: नाही. १८७३ चा बोल्ट सांध्यांच्या कड्यांनी मागून अडवलेला असतो, आणि ती रचना काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या दारूच्या, दाबासाठी केलेली आहे. मूळ काडतुसात ४० ग्रेन काळी दारू आणि २०० ग्रेनची गोळी असे. आजही .४४-४० ची मर्यादा ११,००० पीएसआय आहे, म्हणजे .३५७ मॅग्नमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९२ ही दिसायला थोडीफार तशीच, पण मागे दोन जाड उभ्या लॉकिंग पट्ट्या असलेली, पुष्कळ मजबूत बंदूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातून निघालेली जास्त वेगाची .४४-४० काडतुसं तिच्यासाठी होती. जुन्या पुस्तकातला एखादा दणदणीत आकडा नजरेस पडला तर तो कोणत्या बंदुकीचा आहे हे आधी पाहा.

तुमच्या बंदुकीत मी काळी दारूच भरेन. केसमध्ये मोकळी जागा न ठेवता, गोळीने किंचित दाबली जाईल इतकी, आणि मऊ शिशाच्या, काळ्या दारूला साजेसं वंगण लावलेल्या गोळीमागे. त्याच दिवशी पाण्याने नळी धुवायची, पूर्ण वाळवायची, तेल लावायचं. त्यात टंगळमंगळ नको. .४४-४० ची एक गंमत अशी की केसचं तोंड इतकं पातळ आहे की कमी दाबातही ते फुगून चेंबर बंद करतं, त्यामुळे आतली यंत्रणा आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ राहते. धूरविरहित पावडरच हवी असेल, तर १८७३ च्या दाबासाठी म्हणून छापलेलंच माप घ्या. नळीचा खरा व्यासही मोजून घ्या. जुन्या नळ्या एकसारख्या नसतात, आणि मापापेक्षा बारीक गोळी नेम बिघडवते.

प्रश्न: काकांच्या कपाटात पावडरीचा उघडलेला डबा सापडला. लेबल अर्धं फाटलंय, पण कण मित्राच्या युनिकसारखेच दिसतात. वापरू का?

उत्तर: कणांवरून पावडर ओळखता येत नाही. झाकण उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली, तर ती बिघडायलाही लागली आहे. वास चांगला असला तरी उत्तर बदलत नाही. घरापासून दूर, उघड्या मोकळ्या जमिनीवर पातळ पसरून टाका आणि डबा फेकून द्या, म्हणजे त्यात दुसरं काही ओतायचा मोह होणार नाही.