मुद्रा चुपचा, मग हारूनच्या बाजूने कसा?

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठवीत आहे, सध्या सलमान रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' वाचतेय. तिने विचारलं, गप आणि चुप या दोन देशांपैकी गपमधले बोलके लोक चांगले आणि चुपमधले वाईट, तर मुद्रा हा छायायोद्धा चुपचा असून गोष्टीचा नायक हारूनला मदत का करतो? आणि खत्तमशुद एवढा मोठा खलनायक, तो कारकुनासारखा का दिसतो? धाकटा सात वर्षांचा आहे, त्याला वाचून दाखवू का?
— एक आई, फोंडा

उत्तर: मुलीने बरोबर मुद्रालाच धरलंय बघा, माझ्या मते अख्खं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. पुस्तकात कहाणी नावाचा एक चंद्र आहे, त्यावर गपमध्ये कायम ऊन आणि चुपमध्ये कायम काळोख, पण हा काळोख चुपवाल्यांनी मागितलेला नाही, गपच्याच हुशार लोकांनी मशिनं लावून चंद्राचं फिरणं ताब्यात घेतलं आणि सगळा उजेड आपल्याकडे ठेवला, वर मधे भिंत पण घातली. म्हणजे चांगल्या पक्षाकडून पण अन्याय झालाय, हे मुलीला जरूर दाखवा. मुद्रा हातांनी आणि चेहऱ्याने बोलतो, त्या भाषेचं नावच अभिनय, आणि त्याला बघून हारूनला कळतं की काळोखाला, गप्प राहण्याला पण स्वतःचं सौंदर्य असतं. जत्रेत दशावतारी काला बघितला असेल तर तिला लगेच पटेल, पखवाजावर पात्र नुसतं पावलं टाकत येतं, अजून तोंड उघडलेलं नसतं तरी राजा की राक्षस ते समोरच्या पोराला कळतंच. गप्प राहणं वेगळं आणि दुसऱ्याचं तोंड बंद करणं वेगळं, मुद्रा आणि खत्तमशुद यांच्यात फरक आहे तो एवढाच, पण केवढा मोठा!

खत्तमशुद हुबेहूब शेजारच्या सेनगुप्तांसारखा दिसतो, तेच ज्यांच्याबरोबर हारूनची आई निघून जाते. त्याला गोष्टींचा राग का, तर प्रत्येक गोष्टीत एक जग असतं आणि त्यावर त्याची सत्ता चालत नाही. असा माणूस अक्राळविक्राळ असायची गरजच नाही, तो शांतपणे गोष्टींच्या समुद्रात विष कालवतो आणि त्याचा मूळ झराच बुजवायला निघतो. आणि खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय, हा सेनगुप्तांचा प्रश्न रागाच्या भरात हारून स्वतःच गोष्टी सांगणाऱ्या आपल्या बाबांना विचारतो, मला तर सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते. 1989 मध्ये रश्दींच्या विरुद्ध फतवा निघाला, त्यांना लपून राहावं लागलं आणि त्याच काळात मुलासाठी लिहिलेलं हे पुस्तक 1990 मध्ये आलं, हे आठवीतल्या मुलीला सांगायला हरकत नाही.

समुद्राची कल्पना मात्र आपल्याकडची जुनी, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागराची. त्यातला गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारातला, पैज हरतो म्हणून संस्कृत, प्राकृत, देशी सगळ्या भाषा सोडून मौन धरतो, मग पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा, शिकून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, आणि राजाने ती नाकारली की रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान आगीत टाकतो. राजा धावत येतो तोवर एक लाखच उरलेले असतात. मौनातून इतक्या गोष्टी निघाल्या, हे मुद्राच्या शेजारी ठेवून तिला सांगाच.

धाकट्याला पण जरूर वाचून दाखवा. फक्त आई घर सोडून जाते तो भाग सुरुवातीलाच येतो, तो घाईने उरकू नका, थांबा आणि तो विचारेल तेवढं सांगा.