मी लोकांच्या माघारी बोलते, म्हणजे मी वाईट आहे का?

हा प्रश्न मला खूप जणी विचारतात म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिशीतली, नोकरी करणारी. बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम मी गॉसिप पूर्ण बंद केलंय, दोन महिने झाले. म्हटलं मग बरं वाटतंय का, तर डोळ्यात पाणी. लंचला कुणाचा विषय निघाला की ही उठून जायची, त्यामुळे हळूहळू हिला कुणी काही सांगेनासं झालं, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील आठवडाभर आयसीयूत होते हे पण हिला सगळ्यात शेवटी कळलं.

आता कोण आजारी आहे, कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, कुणापासून जपून राहायचं हे आपल्याला तिसऱ्या माणसाबद्दल बोलूनच तर कळतं ना. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४६७ जणांच्या बोलण्याचे छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करून तपासले होते, तर दिवसाला सरासरी ५२ मिनिटं गॉसिप निघालं आणि त्यातलं साधारण तीन चतुर्थांश ना चांगलं ना वाईट, नुसतंच कोण काय करतंय.

हे तिला सांगितलं पण चेहरा काही सैलावला नाही, तेव्हा मला वाटलं टोचणी वेगळीच आहे. म्हटलं वर्षभरात कुणाबद्दल काय बोललीस ते आठवेल तसं लिहून आण, आणि जिथे पेन अडेल तिथे खूण कर. दोन पानं भरून आली, खूण एकच. एका मैत्रिणीने "फक्त तुलाच सांगतेय" म्हणून नवऱ्यापासून वेगळं होणार असल्याचं सांगितलं होतं, ते हिने दुसरीला सांगितलं, तिथून सगळीकडे झालं, आणि ते कुणामुळे हे त्या मैत्रिणीला अजून माहीत नव्हतं.

मला विचाराल तर चूक ती एवढीच, बाकीची दोन पानं नाहीत. एक गोष्ट फोडल्याची शिक्षा म्हणून सगळ्या गप्पाच बंद केल्या तर जिची गोष्ट फुटली तिला त्याचा काय उपयोग?

मग मैत्रिणीला काय सांगायचं ते आम्ही मोठ्याने बोलून बघितलं. आधी नुसती कारणंच येत होती, "त्या दुसरीने खोदून विचारलं", "माझ्या तोंडून निघून गेलं" वगैरे. चौथ्या वेळी फक्त एवढं उरलं, ते मी सांगितलं, अमकीला सांगितलं, माझं चुकलं.

मैत्रीण महिनाभर बोलली नाही, आता कामापुरतं बोलते. ही मात्र लंचला परत सगळ्यांसोबत बसते, आणि कुणी "तुलाच सांगतेय हं" म्हणालं की आधी थांबवून विचारते, नक्की मला सांगायचंय ना?