तुमचे प्रश्न : घोडीला ताप आहे, नमुना आत्ता घ्यायचा की नंतर?

प्रश्न : अलिबागच्या किनाऱ्यावर आमच्या दोन घोडागाड्या आहेत, ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत फेऱ्या मारतो. परवापासून घोडीला 104 ताप, कोरडा खोकला, नाकातून पाणी, आणि आज शेजारच्या तबेल्यातला घोडाही खोकतोय. पोराने मोबाईलवर हेंड्राचं, म्हणजे घोड्यांकडून माणसाला होणाऱ्या विषाणूचं, बघितलं तेव्हापासून घरात सगळे घाबरलेत. एकजण म्हणतो ताप उतरू दे, मग रक्त काढू.

उत्तर : दादा, ताप उतरायची वाट अजिबात बघू नका, आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. हेंड्रा 1994 साली ऑस्ट्रेलियात सापडला, माणसं दगावली हे खरं, पण आपल्याकडे घोड्यांत तो आढळलेला नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं घोड्यांच्या फ्लूची वाटतात, 2008-09 मध्ये देशात त्याची मोठी साथ आली होती. पण नुसतं बघून कुणी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून तर टेस्ट.

फ्लूचा विषाणू नाकात पहिले काही दिवसच भरपूर असतो. डॉक्टर लांब स्वॅब नाकात आतपर्यंत फिरवून खास द्रवाच्या नळीत टाकतील, रक्ताच्या नळ्या वेगळ्या. नळीवर घोडीचं नाव आणि तारीख घातलीय ना ते तुम्ही स्वतः बघा, आणि नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवा, पण रक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही, त्याचा बर्फ झाला की वाया जातं. पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात नमुने कसे पाठवायचे ते डॉक्टर ठरवतील. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं तर कंटाळा करू नका, दोन्ही रक्तांतल्या अँटिबॉडीज ताडून बघितल्या की पक्कं कळतं.

आणि एकच सुई दोन घोड्यांना, हे कृपा करून बंद करा! घोड्यांचा संसर्गजन्य अॅनिमिया गोमाशीसारखाच सुईनेही पसरतो, त्यावर औषध नाही, आणि लागण झाल्या झाल्या केलेली कॉगिन्स टेस्ट, म्हणजे त्याची रक्ततपासणी, निगेटिव्ह येऊ शकते.

रिपोर्ट येईपर्यंत घोडी वेगळी बांधा, तिची बादली, खरारा, लगाम दुसऱ्या घोड्याला लावू नका, शेंबूड पुसताना हातमोजे घाला, शेजाऱ्यालाही आजच सांगा. फ्लू निघाला तर जितके दिवस ताप तितके आठवडे आराम. सीझन आहे, फेऱ्या बुडतात, कळतंय मला, पण ओल्या वाळूत गाडी ओढायला दम लागतो आणि तिची फुप्फुसं अजून भरून आलेली नसतात.