बरसीम लवकर फुलते, घरचं बी बिघडलं का?

प्रश्न : हिंगण्याजवळ ओलिताच्या अर्ध्या एकरात दरवर्षी हिरव्या चाऱ्यासाठी घरच्याच बियाण्याची बरसीम घेतो. पूर्वी पाच कापण्या मिळायच्या, आता तिसऱ्या कापणीलाच फुलं दिसतात. त्यात ‘पुसा जायंट’ या जातीचं बी मिसळलं तर सुधारेल का?

उत्तर : मिसळू नका. ‘पुसा जायंट’मध्ये गुणसूत्रं दुप्पट, म्हणजे 16 ऐवजी 32 आहेत. साध्या बरसीमशी त्याचा संकर झाला तर दाणा बहुधा पोचट राहतो. लावायचंच तर वेगळ्या शेतात लावा.

तुमच्याकडे नकळत उलटी निवड होत गेली आहे. नागपूरचं मार्च-एप्रिलचं ऊन चढलं की उशिरा फुलणाऱ्या झाडांत दाणा भरत नाही. पोत्यात येतं ते लवकर फुललेल्यांचं बी. तेच पुढच्या वर्षी पेरलं जातं.

यंदा बियाण्याचे तीन-चार वाफे वेगळे राखा. तिसऱ्या कापणीआधीच कळी धरलेली झाडं मुळासकट उपटा, फूल उमलण्याच्या आत. नुसतं कापलं तर ती पुन्हा फुटतात. मात्र शे-दोनशे चांगली झाडं तरी राहू द्या, मोजकीच ठेवली तर पुढे जोम घटतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर या वाफ्यांत कापणी करू नका, म्हणजे उशिराच्या झाडांनाही दाणा भरायला वेळ मिळेल. मधमाशी फुलावर बसून पाकळी दाबते तेव्हा परागीभवन होतं, म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. बोंडं तपकिरी पडू लागली की पाणी तोडा, नाहीतर झाड पुन्हा पाल्यावर जातं. एका हंगामात मोठा फरक दिसणार नाही. तीन-चार वर्षं हीच निवड करावी लागेल. घाई असेल तर ‘वरदान’ किंवा ‘जेबी-1’ या जातींचं प्रमाणित बियाणं आणून नव्यानं सुरुवात करणं सोपं.

प्रश्न : बरसीममध्ये निळ्या फुलांचं तण फार येतं. काय करावं? (वाचक, काटोल)

उत्तर : ती कासनी, बियाण्यातूनच येते. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता. कासनीचं हलकं बी तरंगतं, ते काढून टाका. खालचं बी लगेच दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण मीठ राहिलं तर उगवण आणि रायझोबियम (मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) दोन्ही मार खातात. सावलीत सुकवून मगच जिवाणू संवर्धक चोळा. आधी चोळलेलं सगळं धुण्यात जाईल.