पाऊण पुस्तक झालं की मन उडतं

प्रश्न: इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात, ख्रिसमसच्या दिवसांत घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्या मला आवडतात. पण यंदा अशी तीन पुस्तकं पाऊण वाचून सोडली. शेवट गोड होणार हे ठाऊक असतं, मग मधलं ते भांडण सोसवत नाही. वाचनगटातल्या मैत्रिणी तर म्हणतात, ‘असलं वाचतेसच कशाला?’
– अर्धवट वाचक

उत्तर: आधी ते टोपणनाव बदला बघू. तिन्ही पुस्तकं एकाच जागी सुटली, म्हणजे गोम त्या जागेत आहे. या कादंबऱ्यांत पाऊण वाट सरली की दोघांचं बिनसतंच; 300 पानी पुस्तकात साधारण 225 ते 250 पानांच्या दरम्यान. कधी त्याने लपवलेला दुकानविक्रीचा कागद तिच्या हाती लागतो, कधी तिला शहरातल्या नोकरीचं बोलावणं येतं. रोज रात्री वीस-पंचवीस पानं वाचणारा माणूस नेमका त्या भांडणावर दिवा मालवतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकाला हात लावावासा वाटत नाही. म्हणून 200व्या पानावर खूण घालून थांबा. उरलेली शंभर पानं सुट्टीच्या दुपारी एका बैठकीत संपवा. अडीच-तीन तास खूप झाले.

भांडण मात्र पारखून घ्या. एका फोनने मिटलं असतं? मग लेखिकेने आळस केलाय, पुस्तक खुशाल सोडा. पण नायिका पूर्वी कुणासाठी तरी घरदार सोडून पस्तावलेली आहे, हे चाळिसाव्या पानावर पेरलेलं असेल आणि तीच भीती इथे उसळून आली असेल, तर नेमकं तेच चुकवू नका.

शेवट माहीत असला की लक्ष तारखांकडे द्यावं. नाताळच्या नाटुकल्याची तालीम, कॅरोल म्हणजे नाताळची गाणी, चर्चची जत्रा, 24ची रात्र: दोघं पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात ती या निमित्तांनी. 25 डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वेगाड्या जवळपास बंदच असतात, त्यामुळे 24ला गाडी चुकलेली नायिका गावात अडकते हे अगदी पटण्यासारखं. नाताळच्या दिवशी लंडनलाही चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून चहाच्या वेळीच खिडक्यांतून दिवे लागलेले दिसतात. नेमक्या मुहूर्तावर पडणारा गुडघाभर बर्फ तेवढा लेखिकेच्या मर्जीचा! (आणि हो, मिन्स पाय या नाताळच्या गोड पदार्थात आता खिमा नसतो, मनुका, सफरचंद नि मसाले असतात.)

पोस्टवाल्या बाई, पाद्री, पबचा मालक यांची नावं गोंधळात टाकत असतील तर बुकमार्कवरच लिहून ठेवा. मालिका असेल तर पहिल्या भागापासून धरा, कारण आधीच्या पुस्तकातलं जोडपं पुढच्यात कडेवर बाळ घेऊन हजर होतं.

मैत्रिणींनी पुन्हा विचारलं तर पहिल्याच वाक्यात शेवट सांगून टाका. त्यांची हवाच निघून जाईल.

आणि चौथं पुस्तक घेण्याआधी ते पाऊण भागाशी उघडून दोन पानं वाचा. भांडण पटलं, तरच घ्या.