पंचायतीत जायच्या आधी एक-चौदा बघा

प्रश्न: नमस्कार. आमचं गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात. आजोबांच्या नावावर भाट (बागायत) आहे, आजोबा आता नाहीत. भाटाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात मला छोटं ग्राउंड प्लस वन घर बांधायचंय. बाबा आणि काका दोघांचीही हरकत नाही. गावात सगळे म्हणतात झोन सेटलमेंट (वस्तीचा) आहे, पंच ओळखीचा आहे, पंचायतीत प्लॅन टाक आणि कामाला लाग. बँकवाले मात्र सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद) आणि लायसन्स दोन्ही मागतायत. सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर: पंचाचं नको, बँकवाल्यांचं ऐका. पंचायतीचं कन्स्ट्रक्शन लायसन्स लागतंच, पण ती खिडकी शेवटची, आणि तिथे पोचेपर्यंत जे कागद गोळा करायचे असतात त्यातच सगळा वेळ जातो.

आधी सर्व्हेचा एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा कागद, ऑनलाइनही मिळतो. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाची नावं आहेत बघा, मग कुळाचा रकाना बघा, मग इतर हक्क. तुमच्याकडे बहुतेक अजून आजोबांचंच नाव असणार. आता इथे गोव्यातली खरी गोम अशी की बाबा आणि काका हो म्हणाले म्हणजे सगळे हो म्हणाले असं होत नाही, कारण आपल्याकडच्या वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, म्हणजे आत्या आली, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्धे अर्धे, म्हणजे काकी आली आणि आत्याबरोबर आतोबाही आले. आजी हयात असेल तर अर्धा हिस्सा तिचा स्वतःचाच. घरात गोडीगुलाबी आहे तोवर ह्या सगळ्यांच्या सह्या घेऊन टाका, नंतर घराच्या भिंती वर आल्या की लोकांना आपापले वाटे आठवतात.

सगळे राजी असतील तर सक्सेशन डीड करून वारस ठरवता येतात, मग मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नवी नावं चढवणं. कोपरा फक्त तुमच्या नावावर हवा असेल तर वाटणी करावी लागेल आणि सर्व्हेचा वेगळा सबडिव्हिजन पाडण्यासाठी डेप्युटी कलेक्टरकडे अर्ज. कोणी अडून बसला तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कारवाई, आणि ती लवकर संपेल ह्या भरवशावर बँकेचं कर्ज मंजूर करून घेऊ नका. वेगळी वाटणी न करता बाकीच्या मालकांची एनओसी घेऊन घर बांधणारेही खूप आहेत, पण मला विचाराल तर कर्ज घेताय म्हणून कोपरा आपल्या नावावर करूनच घ्या.

दुसरं म्हणजे झोन. रिजनल प्लॅनमध्ये (सरकारच्या जमीन-वापराच्या आराखड्यात) सेटलमेंट दाखवलंय म्हणजे तिथे घराला वाव आहे इतकंच, जमीन बिगरशेती झाली असं नव्हे. त्यासाठी १९६८ च्या लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम ३२ खाली सनद घ्यावी लागते. कलेक्टर ऑफिसात अर्ज द्या, तिथून फाईल मामलेदार, टीसीपी (नगर नियोजन खातं), वनखातं अशी फिरते, जागेवर माणसं येऊन बघून जातात, सर्व्हेवाले मोजणी करतात, मग फी भरायचं पत्र येतं. झोनिंगचा दाखला टीसीपीच्या तालुका ऑफिसातून लेखी घ्या, कोणाच्या मोबाईलवरचा नकाशा बघून विश्वास ठेवू नका.

मग प्लॅन. टीसीपीकडे नोंद असलेला इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट धरा. तो सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), कव्हरेज (जमिनीचा किती भाग घराखाली), एफएआर (जमिनीच्या मानाने एकूण बांधकाम) सगळं बसवून टीसीपीची टेक्निकल क्लिअरन्स काढून देईल. तुमचा भाग पीडीएत (नियोजन आणि विकास प्राधिकरणात) येत असेल तर ते काम पीडीएकडे. जागा चढावर असेल तर जेसीबी बोलवायच्या आधी विचारा, डोंगर कापायला आणि सखल जागेत भराव घालायला टीसीपी कायद्याच्या कलम १७अ ची वेगळी परवानगी लागते. आणि कोपऱ्यात माड असतील तर तेही मोजून ठेवा. २०१६ त माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं होतं, तेव्हाचं ऐकून अजून लोक सांगतात की माड तोडायला परवानगी लागत नाही, पण पुढच्याच वर्षी तो परत कायद्यात आला, वर राज्यवृक्षही झाला.

टेक्निकल क्लिअरन्स आणि प्रायमरी हेल्थ सेंटरची एनओसी हातात आली की पंचायत. अर्जाबरोबर सनद, एक-चौदा, सर्व्हे प्लॅन, मंजूर प्लॅन, इंजिनिअरचं स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट आणि एस्टिमेट. पोचेवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि हो, जुन्या मांगराचं (भाटातल्या खोपीचं) रिपेअर लायसन्स घेऊन त्याच जागी नवं घर उभं करायचा सल्ला कोणीतरी देईलच, शेजाऱ्याने तक्रार केली की पहिली नोटीस असल्या कामालाच येते.

प्रश्न: आमची फाईल टीसीपी, हेल्थ सगळं होऊन पंचायतीत पडून आहे. दीड महिना झाला. सेक्रेटरी म्हणतात मिटिंगमध्ये विषय आलाच नाही. काय करावं? – एक भगिनी, पेडणे

उत्तर: ताई, आधी पोचेवरची तारीख बघा. १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे अर्ज आल्यापासून ३० दिवसांत पंचायतीने हो की नाही ते कळवायचं असतं. नाही कळवलं तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत खात्याच्या डेप्युटी डायरेक्टरकडे अपील करता येतं. म्हणजे तुमच्या अपिलाच्या मुदतीतले निम्मे दिवस गेलेत, सेक्रेटरींच्या पुढच्या मिटिंगची वाट बघत बसू नका. डेप्युटी डायरेक्टरने ३० दिवसांत निकाल दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, मात्र काम मंजूर प्लॅनप्रमाणेच, एक बाल्कनीही जास्त नको. मध्येच पंचायतीचं काही कमी असल्याचं पत्र आलं असेल तर त्याचं लेखी उत्तर आधी द्या आणि त्याचीही पोच घ्या. अपिलाला अर्जाची कॉपी, सगळ्या एनओसी आणि ती शिक्क्याची पोच जोडा.