वाचकांचे प्रश्न : सांडपाणी आणि नॅनो झिंक ऑक्साइड

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) शेवटी हायपो, म्हणजे क्लोरीन देणारं सोडियम हायपोक्लोराइट, सोडतो. त्याऐवजी नॅनो झिंक ऑक्साइडची पावडर टाका, क्लोरीन लागणारच नाही, असं एक विक्रेता सांगतो. घ्यावी का? (पुणे)

उत्तर : नको. झिंक ऑक्साइडने जिवाणू मरतात हे खरं आहे. अतिनील प्रकाशात त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखी तीव्र ऑक्सिडीकारकं तयार होतात, पाण्यात जस्ताचे आयन सुटतात आणि कण जिवाणूच्या आवरणाला चिकटून ते फोडतात. पण सांडपाण्यात यातलं प्रत्येक काम अडतं. साधारण 370 नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, तो झाकलेल्या टाकीत पोहोचतच नाही. मैल्यातलं आणि साबणातलं फॉस्फेट जस्ताला बांधून ठेवतं, पाण्यातलं बायकार्बोनेट त्या रॅडिकलना खाऊन टाकतं आणि सेंद्रिय मळाचा थर कणांवर बसतो.

सुटी पावडर पुन्हा गाळून काढणंही अवघड. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात जस्ताची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे, बागेच्या पाण्यासाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) शिफारस 2 मिलिग्रॅमची. शिवाय हायपोचा उरलेला क्लोरीन फ्लशच्या टाकीपर्यंत जिवाणूंना वाढू देत नाही. प्रकाशात झालेल्या रॅडिकलमागे असं काही उरत नाही.

हायपो असूनही कोलिफॉर्म (मैल्याचं प्रदूषण दाखवणारे जिवाणू) येत असतील तर आधी वाळूच्या फिल्टरनंतरचा गढूळपणा, अमोनिया (तो क्लोरीन खातो) आणि 30 मिनिटांचा संपर्ककाळ तपासा. उन्हात ठेवलेल्या कॅनमधला हायपोही लवकर निकामी होतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात काचेवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्या वाढवतोय. थर सुटतो. 99 टक्के जिवाणू मेले, तरी गाइड समाधानी नाहीत. (नाशिक)

उत्तर : कण काचेवर पक्के बसवायचे, ही दिशा योग्य. थर बहुधा तेलकट काचेमुळे किंवा बीजथर (ज्यावर कांड्या उगवतात तो झिंक ऑक्साइडचा पातळ थर) नीट न भाजल्यामुळे सुटतो. काच डिटर्जंटने, मग अ‍ॅसिटोनने धुवा. लिटरभर इथेनॉलमध्ये 2.2 ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट (डायहायड्रेट) या प्रमाणात द्रावण करा. बीजथरासाठी त्यात काच बुडवून वाळवा, असं चार-पाच वेळा करा आणि 350 अंशांवर अर्धा तास भाजा. कांड्या वाढवायला लिटरला 7.4 ग्रॅम झिंक नायट्रेट (हेक्झाहायड्रेट) आणि 3.5 ग्रॅम हेक्झामिन घ्या. काचेची बीज लावलेली बाजू खाली ठेवा, नाहीतर द्रावणात तयार होणारा गाळ वरून बसतो आणि धुताना थर घेऊन जातो. 90 अंशांवर चार तास पुरतात. द्रावण आम्लधर्मी असेल तर कांड्या विरघळतात, म्हणून चाचणीचं पाणीही उदासीन ठेवा.

गाइडचं म्हणणं बरोबर आहे. 100 मिलिलिटरमध्ये दहा लाख फीकल कोलिफॉर्म असतील तर 99 टक्क्यांनंतरही दहा हजार उरतात, आणि 2017च्या केंद्रीय अधिसूचनेत एसटीपीसाठी मर्यादा 1000ची आहे. लॉग घटीत लिहा (दहापट घट म्हणजे 1 लॉग, 99 टक्के म्हणजे 2).

चाचणीला चार बाटल्या हव्यात : उजेडात आणि अंधारात, प्रत्येकी एक थराची व एक कोरी काच. फॉस्फेट बफर टाळा, 0.85 टक्के सलाइन घ्या. नंतर तीच चाचणी एसटीपीच्या दुय्यम प्रक्रियेनंतरच्या खऱ्या पाण्यात करा. तिथे आकडा घसरेल, आणि प्रबंधात महत्त्वाचा तोच. नमुन्यासोबत गेलेलं जस्त प्लेटवरही जिवाणू मारत राहतं आणि मोजणी खोटी कमी येते, म्हणून नमुना मोजणीच्या प्लेटवर पसरण्याआधी त्यात ईडीटीए (जस्ताला बांधून ठेवणारं रसायन) मिसळा. नुसत्या ईडीटीएचीही तुलनेसाठी प्लेट ठेवा. जिवाणू पुन्हा वाढतात का हे पाहायला उरलेलं पाणी काच काढून 24 तास अंधारात ठेवून पुन्हा मोजा. दर फेरीनंतर पाण्यातलं जस्तही मोजा. ते वाढत असेल तर काचेवरचा थर विरघळतो आहे.